बुंदीचा पट्टा

“वीणा, धर गं जरा हिला,” बाबा म्हणाले आणि वळून न बघता त्यांनी पट्टा धरलेला हात मागे केला.

पट्टा कोणी घेतला नाही. प्रीताच्या आईला, वीणाला, जाऊन दीड महिना झाला होता.

हात तसाच राहिला. बुंदीने, त्यांच्या म्हातारपणाकडे झुकलेल्या लॅब्रडॉरने, मान वर करून नेहमीच्या जागी पाहिलं. परीक्षितकाका उगाच खाकरले. काकू घाईघाईने गाडीतून टोप्या काढायला लागल्या. प्रीता समोरच्या पाटीकडे बघत राहिली. पाटीवर कुत्र्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल रेघ. स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमधल्या बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना मनाई आहे. पार्किंगमध्ये चालतात, कॅम्पग्राउंडवर चालतात. ही पाटी त्या घराला पाठ होती.

अल्फारेटाच्या त्यांच्या घरी पुण्याहून कोणीही आलं की त्याला इथला धबधबा दाखवायला आणायचं, असा रिवाजच पडला होता. आत्या आली, बाबांचे कॉलेजचे मित्र आले, प्रीताच्या भावाचे, ईशानचे, सासरचे आले. डब्यात पराठे, थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर बुंदी. कुत्रं हवं हा हट्ट ईशानचा. तो नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेला आणि कुत्रं आईकडे राहिलं. केनेलमध्ये ठेवलं की बुंदी अन्न सोडायची. उन्हात बंद गाडीत तिला एकटी ठेवणं शक्यच नव्हतं. मग पाटीपाशी आले की आई हात पुढे करायची. या तुम्ही जाऊन, म्हणायची.

आजही पाहुणे होते. व्हिसाला उशीर झाल्यामुळे काका-काकू आत्ता कुठे सांत्वनाला पोचले होते. पण आज नुसतं फिरायला आलेले नव्हते. बाबांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये स्टीलची एक डबी होती आणि डबीत आईच्या अस्थींतल्या मूठभर. पार्ककडून त्यांनी रीतसर परवानगी काढली होती. तिथल्या मराठी मंडळाने ठेवलेल्या शोकसभेत ते माइकवर म्हणाले होते, वीणाला तो धबधबा फार आवडायचा, थोडी ती तिथेच राहील. हॉलमधल्या सगळ्यांनी डोळे पुसले. प्रीताने पुसले नाहीत. त्या दिवशी तिच्या दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या होत्या, त्या अजून सुटल्या नव्हत्या. सकाळपासून गाडी तिनेच चालवली होती आणि वाटेत कोणाशी धड बोलली नव्हती.

“प्रीता, तू थांबतेस का गं हिच्यापाशी?” काकू म्हणाल्या. “तुझं काय, कितीदा पाहून झालंय. बाकीचं भाऊजी करतील.”

काकूंच्या मनात काही नव्हतं. पहिल्यांदा आईलाही असंच कोणीतरी म्हटलं असेल, मनात काही नसताना.

बाबांचा मागे राहिलेला हात प्रीताकडे वळला. तिने पट्टा घेतला. तो किती सहज मनगटात आला, हे बघून तिच्या अंगाची आग झाली.

“बाबा, आईने हा वॉटरफॉल कधी बघितलाच नाहीये.”

तिचा आवाज चढला नव्हता. तरी शेजारच्या गाडीतल्या बाईने वळून पाहिलं.

बाबा हसले. काहीतरीच काय, म्हणाले, दर वेळी आपण सगळे यायचो. त्यांनी फोन काढला आणि फोटो पुढे सरकवू लागले. धबधब्यापुढे आत्या. धबधब्यापुढे मित्र. धबधब्यापुढे ईशान आणि प्रीता, ओल्या केसांनी हसणारी. ते हसू बघून तिला स्वतःचाही राग आला. यात आई कुठे आहे, तिने विचारलं. फोटो तीच काढायची ना, बाबा म्हणाले आणि बोट सरकवलं. पुढचा फोटो सेल्फी होता. बाबांचा लांब केलेला हात त्यात खांद्यापर्यंत दिसत होता. त्याच्या पुढचाही तसाच. त्यांनी फोन खिशात टाकला.

“तुला काय माहीत?” आता तेही चिडले होते. “आवडायचा नाही कसा? आम्ही वर आलो रे आलो की पहिलं तेच विचारायची. पाणी किती होतं. अंगावर तुषार उडतात का. खालचा तो लाकडी पूल अजून–”

वाक्य तिथेच थांबलं.

काकूंच्या हातातल्या टोप्या हातातच राहिल्या. खालून, झाडांच्या पलीकडून, पाण्याचा आवाज येत होता. पार्किंगपर्यंत तो जेमतेमच पोचतो. लक्ष देऊन ऐकलं नाही तर मागच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा वाटतो.

बाबांनी सॅक उतरवली. डबी काढून प्रीताच्या हातात दिली आणि तिच्या मनगटातला पट्टा सोडवून आपल्या मनगटात घातला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बोलण्यासारखं खूप होतं, दीड महिन्याचं आणि त्याच्या आधीच्या कितीतरी वर्षांचं, आणि त्यातलं काहीच कमी झालं नव्हतं.

बुंदीला पुढचं ठाऊक होतं. ती गाडीच्या सावलीत गेली, एकदा गोल फिरली आणि पंजांवर हनुवटी टेकून बसली. बाबा तिच्याशेजारी सिमेंटच्या कडेवर गुडघे जवळ घेऊन बसले.

काका-काकू पाटी ओलांडून पुढे झाले. त्यांच्यामागून प्रीता डबी दोन्ही हातांत धरून निघाली. ती वळणावर पोचली तेव्हा मागून हाक आली.

“प्रीता,” बाबा म्हणाले, “आल्यावर मला सांग. पाणी किती होतं.”