दंडावरचा मैदा

हॉटेलच्या मॅनेजरने एर्नेस्टीनच्या गाड्यावरून वाडगाभर मैदा नेला तेव्हा तिने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला संपला असेल, एवढंच तिला वाटलं. जुलैचं रणरणतं ऊन, कढईत तेल तापलेलं, तळलेल्या पोळ्यांसाठी पाहुण्यांची रांग. विचारायला फुरसत कुणाला होती?

मग हॉटेलच्या अंगणातून देवांच्या नाचाची आरोळी आली. एर्नेस्टीनने गाडा तसाच टाकला आणि ती धावली.

देवांचा नाच. दव गोठायला लागलं, साप-अस्वलं झोपी गेली, की मगच नाचायचा. तोही कुणी आजारी असेल तर, त्याला बरं करायला. नवाहो जमातीचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि इथे भर उन्हाळ्यात, पोहण्याच्या तलावाशेजारी, सहा जण मुखवटे घालून ओळीने नाचत होते. पहिल्याला तिने खांद्यांवरूनच ओळखलं. तिच्या बहिणीचा मुलगा, डेल्विन.

हाच डेल्विन नोव्हेंबरात स्वतःच्या आईसाठी नाचणार होता. अर्धांगाच्या झटक्याने बहिणीची, लोरिंडाची, वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. नऊ रात्रींचा विधी ठरला होता, आणि त्या आशेवरच ती बाई रोज अंथरुणातून उठत होती.

ओळीसमोर खुर्चीत एक पाहुणी बसली होती, धडधाकट, लालबुंद. "आणि ह्या आपल्या आजच्या रोगी!" मॅनेजर माइकवरून ओरडला. बाईने कपाळाला हात लावून कण्हून दाखवलं. हशा पिकला. मॅनेजरने वाडगा तिच्या हातात दिला, आणि ती एकेका नाचणाऱ्याच्या दंडावर पीठ टाकत निघाली. रोग्याने मक्याचं पवित्र पीठ टाकायचं असतं, तसं. फोटो नीट आला नाही म्हणून डेल्विनच्या दंडावर तिने दुसऱ्यांदा टाकलं.

"थँक यू, मॅडम," मुखवटा म्हणाला.

मुखवटा चढवला की नाचणारा देव होतो, आणि देव कधी बोलत नाहीत. एर्नेस्टीनला त्या बाईची किळस आली, भाच्याची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. मैदा तिच्याच गाड्यावरचा होता.

नाच संपला, एर्नेस्टीन गाड्याकडे परतली. डेल्विन मुखवटा काखोटीला मारून, घाम पुसत गाड्यापाशी आला.

"मावशी, एक गरमगरम दे ना. जाम भूक लागलीय."

"लाज वाटत नाही तुला?"

"अगं, खरा नाच कुठे होता तो! गाणं बदललंय मी, एक पाऊल मुद्दाम गाळलंय. आपली माणसं विधीतली वाळूची चित्रं विकायला काढतात ना, खरी होऊ नयेत म्हणून एखादी रेघ चुकवून? तसंच. मुखवटेसुद्धा पुठ्ठ्याचे आहेत."

"आणि ती रोगीण? तीही पुठ्ठ्याचीच होती का रे?"

तो हसायला गेला, पण तिचं तोंड बघून थांबला.

"आईसाठी पूर्ण नाचेन की. एकही पाऊल चुकणार नाही, शप्पथ."

"नाही. विधी करणाऱ्या बाबांना मी आजच सांगते. तुझ्या जागी दुसरा माणूस बघा म्हणावं."

"मावशी! आई ओळीत मलाच शोधेल गं."

"शोधेल. लुळ्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देऊन ती पीठ टाकायचा सराव करतेय, माहीत आहे? उशीवर. रोज सकाळी. तुझ्या दंडावर पडायचं होतं ते."

डेल्विनने आपल्या उजव्या दंडाकडे पाहिलं.

"धुऊन टाकतो," तो पुटपुटला, आणि गाड्यामागच्या नळाखाली त्याने दंड धरला.

एर्नेस्टीनची सगळी हयात पीठ मळण्यात गेली होती. कोरडं आहे तोवर झटक, असं ती सांगू शकली असती. तिने नाही सांगितलं. डेल्विन खसाखसा चोळत राहिला, आणि मैद्याची खळ होऊन दंडावरच्या केसांत ती घट्ट धरत गेली.