पांढऱ्या चादरी

चादरी निळ्या होत्या.

छटाताई दारातच थांबल्या. डॉक्टरांनी नुकतीच त्यांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली होती. मोतीबिंदू छान निघाला, आता हळूहळू सगळं लख्ख दिसेल, असं सांगून घरी पाठवलं होतं. आणि बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून, चौकटीत बसवलेले त्यांचे फोटो टेम्पोची वाट बघत उभे होते. दुपारी ते कलादालनात जायचे होते. इस्पितळाच्या धुलाईघरातले फोटो. वाफ, ओले हात, घड्यांचे ढीग. पांढऱ्याशुभ्र चादरींच्या त्या ढिगांवर कुणी शाई सांडावी तसा निळा रंग पसरला होता.

आधी त्यांना छापणाऱ्याचाच राग आला. मग काहीतरी मनात येऊन त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. डाव्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. डाव्या डोळ्याला चादरी पांढऱ्या दिसल्या. हात बदलला. निळ्या. पुन्हा बदलला. पांढऱ्या.

त्या खुर्चीत बसल्या.

कापडगिरणीत त्यांनी जन्मभर रंग जुळवण्याचं काम केलं होतं. दुसऱ्यांना एकसारखे दिसणारे दोन पांढरे त्यांना लांबूनच वेगळे दिसत, म्हणून तर छटाताई हे नाव पडलं आणि खरं नाव मागे राहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. या वयात हे काय खूळ, असं भाऊ तोंडावर म्हणाला. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. रोज उठून त्या धुलाईघरात जात. तिथल्या बायका आधी लाजायच्या, पुढे त्यांची सवय होऊन कामाला लागायच्या. साठी उलटल्यावर, आता कुठे, त्यांचं पहिलं प्रदर्शन भरत होतं.

धुलाईघरातले दिवे पिवळे आहेत, असं त्यांना वाटायचं. फोटो पिवळट दिसत. मग संगणकावर त्या निळा वाढवत न्यायच्या, डोक्यात असलेला पांढरा समोर दिसेपर्यंत. पिवळेपणा दिव्यांत नव्हता, मोतीबिंदूच्या डोळ्यात होता, हे आज कळत होतं. फोटो बघून मंडळी म्हणायची, काय तो निळा! तेव्हा त्या मान डोलवायच्या. कलेतल्या माणसांना उगाच काहीबाही दिसतं, असं समजून सोडून द्यायच्या.

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"अहो, या चादरी निळ्या आहेत?"

"आहेत की."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"रंगातलं मी तुला काय सांगणार?" तो म्हणाला. "मला वाटलं, कलेत असंच असतं."

एरवी त्या खवळल्या असत्या. आज उठून त्यांनी टेम्पोवाल्याला फोन केला आणि आज येऊ नकोस म्हणून सांगितलं.

कलादालनाकडे जाणाऱ्या बसमध्ये, काळ्या चष्म्याआड, त्यांच्या मनाने बरेच फाटे फोडले. गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे? लोक निळ्याचं कौतुक करतील, आपण हसून मान डोलवायची. पण हाताखालून चुकीची छटा त्यांनी कधी पुढे जाऊ दिली नव्हती. आणि आता जन्मातलं एकुलतं एक प्रदर्शन त्या एका चुकीवर उभं करायचं? तिथे आपलं असं काय असेल? मोतीबिंदूचं असेल.

कलादालनाच्या संचालिका शिडीवर चढून दिवे फिरवत होत्या. छटाताईंनी त्यांना खाली उतरूही दिलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डोळा, निळा, डोक्यातला पांढरा, सगळं.

"तुम्हाला आवडलं ते मी केलेलंच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "माझं नाव काढून टाका. दुसऱ्या कुणाला तरी जागा द्या."

बोलून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

संचालिका शिडीवरून उतरल्या. हात पुसत म्हणाल्या, "पुन्हा छापायचेत का? छापा ना, वेळ आहे. पांढरे आणा."

"अहो, पण तुम्ही निवडलेत ते निळे."

"कोण म्हणालं?"

छटाताई शिडीजवळ सरकल्या.

"या धंद्यात रंगांनी मला फार फसवलंय," संचालिका म्हणाल्या. "मावळतीचा एक लाल ढग दाखवला की मी भुलते, आणि भिंतीवर लावल्यावर कळतं, ढगाशिवाय त्यात काहीच नाही. म्हणून निवडीला बसले की आधी संगणकावर सगळ्यांचे रंग काढून टाकते. काळे-पांढरे करूनच बघते. तुमचे फोटो निळे आहेत, हे मला निवड झाल्यावर कळलं. म्हटलं, असेल बाईंची आवड."

छटाताईंनी काळा चष्मा काढला. डोळ्याला पाणी येत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं येईल. आत्ता येत होतं ते त्यातलं नव्हतं. त्यांना हसूही येत होतं. शिडीचा आधार घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मग त्यात तुम्हाला दिसलं तरी काय?" त्यांनी विचारलं.

"चादरीचा कोपरा दातात धरून, दोन्ही हातांनी घडी घालणारी ती बाई," संचालिका म्हणाल्या. "समोरचा माणूस आपल्याकडे नीट बघतोय, हे तिला कळलंय. तेवढं दिसलं, आणि तेव्हाच मी तुमचं नाव पक्कं केलं."