तिसरा कप्पा

“तीन नंबरची डिस्क पुसून टाक,” बंडूजी म्हणाले. “पण आज नको. आज मले ठाण्यात बयान द्या लागते. उद्या दसऱ्याची पूजा झाली का माह्यासमोर बसून पुसजो. परवा पोलीस पेटी घेऊन जातीन.”

मुकेशच्या हातातला चहा तसाच राहिला. आर्वीबाहेरच्या या कापसाच्या जिनिंगमध्ये तो सहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. मालकानं नजर चुकवून सांगितलेलं हे पहिलंच काम.

“पोलीस विचारतीन न जी?”

“विचारू दे. जुनं चित्रण आपण दर हप्त्याले पुसतोच. फेऱ्यात गेलं म्हनू.”

कॅमेऱ्यांचं चित्रण चार कप्प्यांच्या पेटीत साठायचं, एका कप्प्यात एक डिस्क. मुकेशनं त्यासाठी स्वतः स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. एक हुकूम दिला की ती चारही डिस्क तपासायची: कोणती किती भरली, फाइल सिस्टिम धड आहे का, चित्रण कोणत्या तारखांचं आहे. मग सांगाल त्या कप्प्यातली डिस्क पुसून कोरी करायची. चारही डिस्क काळ्या, एकसारख्या, कशावरच खूण नाही. आकडे कप्प्यांवर होते. स्क्रिप्ट डिस्क ओळखत नव्हती, कप्पा ओळखत होती.

तिसऱ्या कप्प्यात मंगळवार होता. त्या दुपारी मशीनवरचा मजूर रोशन बंद मशीनच्या रोलरमधली अडकलेली रुई काढत होता. बंडूजी घाईत आले आणि कोणाला हाक न मारता त्यांनी बटण दाबलं. वर्ध्याच्या दवाखान्यात नेता नेता रोशन गेला. ठाण्यात मात्र तो दारू पिऊन मशीनवर चढल्याचं सांगण्यात आलं. मुकेशनं ते चित्रण पाहिलं होतं.

बंडूजींची गाडी गेली. दाराशी वाती वळत बसलेल्या त्यांच्या आईनं, मनकर्णाबाईनं, मान वर केली.

“काऊन रे मुकेश, मंगळवार तीन नंबरातच हाये न? पक्कं?”

“हो माय. पक्कं.”

“अन् बाकीच्या कप्प्यात?”

“दुसरे दिवस. दिसाले सगळ्या सारख्याच.”

म्हातारी पुन्हा वातींकडे वळली. लेकानं पहाऱ्याला बसवलेली दिसते, असं मुकेशच्या मनात आलं आणि त्याला तिचा राग आला. रोशनला लहानपणापासून भाकरी वाढणारी हीच बाई.

दुपारी तो रोशनच्या घरी गेला. रोशनची बायको जया भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती, त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली.

“मुकेशभाऊ, त्याईनं जिंदगीत दारूले हात नाई लावला,” ती म्हणाली. “पोराईले शाळेत सारे म्हनतीन, तुमचा बाप पिऊन मेला. तुमी तं तिथंच राह्यता. तुमाले काईच नाई दिसलं का?”

“परवापर्यंत थांबा वयनी,” तो कसाबसा म्हणाला. “परवा सारं दिसन.”

बोलून गेला आणि मग बोललेलं करावंच लागलं. नक्कल काढायची सोय नव्हती. पेनड्राइव्हची जागा मालकानं कधीच बुजवली होती आणि मोबाइल गेटवर जमा व्हायचा. संध्याकाळी मनकर्णाबाई घरात गेल्यावर मुकेशनं पेटी उघडली. दुसऱ्या कप्प्यातली डिस्क तिसऱ्यात सरकवली, तिसऱ्यातली दुसऱ्यात. मग स्क्रिप्टमधली तारखा दाखवणारी ओळ काढून टाकली. बंडूजींना कॉम्प्युटर येत नव्हता, पण तारखा वाचता येत होत्या.

दसऱ्याला तो घरची पूजा उरकून दुपारी जिनिंगवर आला. मशिनींना झेंडूचे हार होते. ज्या मशीननं रोशनला ओढलं, तिलाही हार होता. मुकेशला ते बघवेना. ऑफिसात तराजू, पाने, हातोड्या यांच्याबरोबर पेटीवरही हळदकुंकू लागलं होतं. पेटीची किल्ली पूजेच्या ताटात, तांदळांवर पडली होती.

“चाल, बस,” बंडूजींनी खुर्ची ओढली.

मुकेशनं हुकूम टाइप केला. आतून तो निवांत होता.

“तीनच न?”

“तीनच जी. पाहा, आकडा.”

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. बंडूजी तिच्याकडे एकटक पाहत होते. अर्ध्या तासानं पट्टी भरली. डिस्क कोरी झाली.

बंडूजींनी कपाळाचा घाम पुसला. “मीबी काई खुशीनं नाई करून राह्यलो रे,” ते म्हणाले आणि उठून गेले.

मुकेशनं डोळे मिटले. उद्या ठाण्यात दुसऱ्या कप्प्यातून मंगळवार निघेल. जयाचा चेहरा त्याच्यासमोर आला आणि त्याला हसू फुटलं.

“हासतं का रे?”

मनकर्णाबाई आपट्याची पानं घेऊन दारात उभी होती. डोळे लाल झालेले. तिनं आधी मागे वळून पाहिलं, मग दार लोटलं.

“लाज नाई वाटली तुले? रोशन तुह्यासंग जेवाले बसे. मालकानं म्हटलं अन् तू पुसून मोकळा?”

“माय, तसं नाई. आयका तं...” आता तिला सांगायला हरकत नव्हती. आनंदानं त्याच्या तोंडून शब्द नीट फुटेनात.

“काई आयकत नाई. तुह्या भरोशावर राह्यली असती तं जयाचं वाटोळंच होतं.” तिनं त्याच्या हातात पानं कोंबली आणि आवाज अगदी खाली आणला. “बंडू माह्या पोटचा हाये, पन पाप ते पापच. म्हनून सकाळी पूजेच्या निमतानं किल्ली घेतली, अन् दोनातली तीनात, तीनातली दोनात लावून ठेवली.”