चौथं रबर

धरमपेठेतल्या डॉक्टरांच्या जुन्या डॉज गाडीची बॉडी जॅकवर उचलून शालिकराम चेसिसवरची, बॉडीखाली धक्के झेलणारी झिजलेली रबरं काढत होता. तीन निघाली, चौथं हलेना. त्याने फटीत चार बोटं घातली. "हात काढ गा, जॅक बसून राहिला," जॅक खाली खचताना पाहून उकंडराव मिस्त्री ओरडले. "थांबा जी, निघूनच राहिलं." रबराला शिव्या देत त्याने जोर लावला आणि जॅक सटकला. बॉडी धाडकन खाली आली, पण त्या हट्टी रबरावरच अडली. बोटं शाबूत राहिली. पुन्हा जॅक लावून ते उपसलं, तर टायरच्या चपलेची टाच निघाली, शालिकरामच्या बापाने ठोकलेल्या तीन तांब्याच्या खिळ्यांसकट. पंचवीस वर्षांपूर्वी, महायुद्धात रबर मिळेना तेव्हा, हीच गाडी दुरुस्त करून बाप भर उन्हात अनवाणी घरी आला होता. चप्पल देवळातून चोरीला गेली, म्हणाला. आई अजून त्या चोराला शिव्या देते.