चौथ्या दिवसाचा मणी

मॅडमनी तंबूत बोलावून तिच्या हातात काडेपेटी ठेवली.

"उद्या पोरं उठायच्या आत जा. त्या चष्मेवालीच्या चौकोनात, दोन बोटं मातीखाली. वरून नीट दाबून घे."

ती पुरातत्त्वाच्या तिसऱ्या वर्षाला. उत्खननाच्या शिबिरात पहिल्या वर्षाच्या मुलांची ताई. तीन दिवस ती मुलं दोरीने आखून दिलेल्या आपापल्या चौकोनात, उन्हात माती खरवडत होती आणि हाताला फोडांखेरीज काही लागलं नव्हतं. चष्मेवाली तर आज घरी जायचीच भाषा करत होती.

तिने काडेपेटी उघडली. आत एक लाल मणी. काठाचा टवका उडालेला.

तो टवका तिच्याच खुरपीने उडाला होता, दोन वर्षांपूर्वी, अशाच एका खड्ड्यात. तेव्हा ती ढसाढसा रडली होती आणि मॅडम पाठीवर हात फिरवत म्हणाल्या होत्या, "वेडे, दिसला कुणाला? तुलाच ना? ही नजर शिकवून येत नाही." त्या एका वाक्याच्या जोरावर तिने वडिलांशी उभा दावा मांडला. 'खापरं वेचून पोट भरणार का?' असं विचारणारे वडील अजून तिच्याशी धड बोलत नव्हते.

"मॅडम, हा मला सापडला होता."

"सापडणारच. तुझ्याच चौकोनात ठेवला होता." मॅडमनी वहीतून मानही वर काढली नाही. "तूही तेव्हा बॅग भरून बसली होतीस. आणखी एक मुलगी गेली असती तर वर्गच बंद पडला असता. काय वाईट झालं तुझं? शिकलीस ना?"

केसाने गळा कापायचा आणि वर विचारायचं, दुखलं का! तिला ओरडावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "हो मॅडम."

सकाळी ती पोचली, तर चष्मेवाली आधीच चौकोनात उकिडवी बसलेली. खुरपी हातात, बॅग काठावर.

"ताई, रात्रभर ठरेना बघा. तुम्हीच सांगा. थांबले तर सापडेल का हो काही?"

मुठीतली काडेपेटी घामाने ओली झाली होती. एक हो म्हटलं की झालं. पोरगी आयुष्यभर थांबली असती.

"नाही," ती म्हणाली. "इथे काही निघणार नाही. तरी खणावंसं वाटत असेल तर थांब. नाहीतर साडेसातची बस आहे."