बटणापाशी बाबा

जुन्या राऊटरला कंपनीनं वाऱ्यावर सोडलं होतं. वहिनीच्या ऑनलाइन शिकवण्या सारख्या तुटत होत्या, म्हणून तिनं राऊटरमध्ये बाहेरचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, भरायला घेतलं. मध्येच वीज गेली, तर तो कायमचा जाणार, शिकवण्याही बुडणार. घरात धोका एकच: दिसेल ते बटण बंद करत फिरणारे बाबा. वहिनीनं त्यांनाच राऊटरच्या बटणाशेजारी खुर्ची दिली. “बाबा, मी सांगेपर्यंत कुणाचा हात लागता कामा नये.” याला म्हणतात नेमणूक. बाबा रखवालदारासारखे ताठ बसले. अर्ध्यावर राऊटरचे दिवे विझले. दादा उठला. “गेला. बटण बंद करून बघतो.” बाबांनी त्याच्या हातावर चापट मारली. “तिनं सांगितलंय का?” “नव्यानं सुरू होतोय तो,” मानही वर न करता वहिनी म्हणाली. मग हिरवा दिवा लागला आणि टिकला. “उठा आता, बाबा.” “बसतो जरा,” दादाकडे बघत बाबा म्हणाले, “याचा भरवसा नाही.”