नऊपैकी सहा खाड्या

"अजून दीड तास जास्त लागतोय," मोजणीबाई म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली.

शेजारी बसलेल्या लाटकाकांनी नुसती मान हलवली. त्यांना हे नवं नव्हतं. वादळ आलं की समुद्राचं पाणी किनाऱ्यावर कुठवर चढेल, हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांचा होता, म्हणून सगळी संस्था त्यांना लाटकाका म्हणायची. खालच्या थंडगार खोलीत एकमेकांना जोडून ठेवलेले दोनशे संगणक होते, त्या क्लस्टरवर तो चालायचा. आता नवा नियम निघाला होता. जो प्रोग्रॅम सहा तासांत संपणार नाही, तो कायमचा बंद. काकांच्या प्रोग्रॅमला साडेसात तास लागत होते. दुपारी चारला समितीची बैठक होती आणि मोजणीबाईचा अहवाल तिथे जायचा होता.

प्रोफायलर लावायचा आणि प्रोग्रॅमचा कुठला भाग किती वेळ खातो ते शोधायचं, एवढंच तिचं काम. लोक आपल्या लेकराची तक्रार ऐकावी तसे तिचे आकडे ऐकत, हुज्जत घालत आणि तिची पाठ फिरली की बोटं मोडत. मोजणीबाई हे नावही त्यांनीच पाडलेलं. तिला आता त्याचाही कंटाळा आला होता. हाताखालून इतके प्रोग्रॅम गेले होते की त्यांच्यामागची माणसं लक्षात राहत नसत.

काका मात्र हुज्जत घालत नव्हते. आल्याआल्या त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला होता आणि विचारलं होतं, "आई कशा आहेत आता?"

"आई जाऊन दोन वर्षं झाली."

त्यांचा चेहरा पडला होता. ऑफिसात आजारपण लपत नाही, पण पुढची बातमी कुणी पोचवत नाही, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

"अजून काही कापता येईल का?" तिने विचारलं.

"कापून कापून किती कापणार? आधी नऊ खाड्यांचा हिशेब करायचो. या नव्या क्लस्टरवर आणल्यापासून हा मंदावला तो मंदावलाच. सूचना वेळेत जायला हवी ना? मग दर वर्षी एकेक खाडी काढत गेलो. सहा उरल्यात."

"काढलेल्या खाड्यांवर वस्ती नाही का?"

"आहे की. मागच्या वर्षी त्यातल्या एकीत पाणी शिरलं. सूचना गेलीच नव्हती. दोघं गेले. सख्खे भाऊ होते. त्या खाडीवर मी या हाताने काट मारली होती. तेव्हापासून झोप म्हणजे नावालाच."

अहवालाचं शेवटचं वाक्य तिने सकाळीच लिहून ठेवलं होतं: बंद करण्यास हरकत नाही. ते आता तिच्याच्याने वाचवेना. तिने पुन्हा प्रोफायलरचा तक्ता उघडला.

"काका, हा डिस्कवर एवढं काय लिहितो? निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्यातच जातोय."

"शेवटी एक नकाशा लिहितो. बाकी काही नाही."

एका नकाशाला कुठे चार-पाच तास लागतात? प्रोग्रॅम सुरू करणारी छोटी फाइल तिने उघडली. जेमतेम चाळीस ओळी. एकतिसाव्या ओळीवर तिची नजर अडली. एक जुनं, केव्हाच बाद झालेलं मोजणीचं सॉफ्टवेअर तिथून सुरू होत होतं. दोनशे संगणकांचं प्रत्येक पाऊल ते इमानेइतबारे डिस्कवर नोंदवत होतं. त्या नोंदी कुणी कधी उघडूनही पाहिल्या नव्हत्या.

तिने ती ओळ काढली आणि भरतीच्या एकाच तासाचा हिशेब चालवून पाहिला. आधी त्याला वीस मिनिटं लागायची. आता सात लागली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा चालवला. सातच.

"काका! नऊच्या नऊ खाड्या धरल्या तरी चार तासांत होतंय!" तिचा सगळा शीण पळाला.

काका हसले नाहीत. ते पडद्याजवळ वाकून त्या ओळीकडे बघत राहिले.

"म्हणजे ही नसती, तर एकही खाडी काढावी लागली नसती?"

"एकही नाही. कुठल्या गाढवाने ठेवली ही? मोजून झालं की काढायची असते, शेंबड्या पोरालाही कळतं!"

"जाऊ द्या. समितीला नवे आकडे दाखवू आणि मोकळे होऊ."

"जाऊ द्या कसं? दोन जीव गेलेत. अहवालात नाव घालणार मी. आमच्याच विभागातलं कुणीतरी असणार. आठवा बरं, कोण आलं होतं?"

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"तीन वर्षं झाली," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मोजणी चालू असताना तुम्हाला हॉस्पिटलातून फोन आला, आईंना दाखल केलंय म्हणून. तशाच धावत निघालात. जाता जाता म्हणालात, काका, मी परत येईपर्यंत या ओळीला हात लावू नका."